आधी लावलेला टिपका

माझ्यात एक खोड आहे, ती आधीच सांगून टाकते. कुणी काम करताना दिसलं की ते याहून लवकर कसं होईल हे सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. आई भाजी चिरत असली तरी मी मागे उभी राहून तिला सुरी कशी धरायची ते शिकवते. आई म्हणते, "तुझी जीभ आणि तुझं घड्याळ, दोन्ही तुझ्या अकलेच्या पुढे धावतात." ती नर्स आहे, टोचायची तिला सवयच.

अशा मुलीला इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाच्या सुट्टीत मोटारींच्या कारखान्यात दोन महिन्यांची इंटर्नशिप मिळाली आणि वर हातात स्टॉपवॉच दिलं गेलं. माकडाच्या हाती कोलीत म्हणतात ते हेच.

पहिल्या दिवशी तर मी नुसती आ वासून उभी होते. दर दीड-पावणेदोन मिनिटांनी एक गाडी पुढे सरकत होती. एका टोकाला दार नाही, काच नाही, नुसता सांगाडा. दुसऱ्या टोकाला चकचकीत गाडी, आणि ड्रायव्हर तिच्यात बसून निघूनही जायचा. मधे दोन्ही बाजूंना माणसं, प्रत्येकाचं एक ठरलेलं काम, त्याला म्हणायचं स्टेशन. एक स्टेशन अडलं की मागची सगळी लाइन तुंबायची.

लाइनचे साहेब मला घेऊन एका स्टेशनपाशी थांबले. सगळे त्यांना पाठीमागे 'सेकंदसाहेब' म्हणायचे, कारण ते मिनिटात कधी बोलतच नसत. "हे स्टेशन अठ्ठ्याण्णव सेकंद घेतं," ते म्हणाले. "मला नव्वदच्या आत हवंय. ते आठ सेकंद कुठे जातात ते शोध. सापडले तर महिनाअखेरीला मोठ्या साहेबांसमोर तू स्वतः मांडायचं. त्यांना पसंत पडलं, तर डिग्री हातात पडायच्या आधीच तुझी नोकरी पक्की समज."

नोकरी पक्की! बाबांचं चपलांचं दुकान गेल्या वर्षी बंद पडल्यापासून आमच्या घरात हे दोन शब्द देवाच्या नावासारखे घेतले जायचे. मी स्टॉपवॉचची दोरी गळ्यात घातली आणि कामाला लागले.

त्या स्टेशनवर मागच्या सीटचे पट्टे बसायचे. तिथे एक बाई होत्या, एकोणीस वर्षं त्याच जागेवर. अख्खी लाइन त्यांना मावशी म्हणायची, सेकंदसाहेबसुद्धा. ठेंगणी मूर्ती, केसांचा घट्ट अंबाडा आणि खिशात कायम एक फडकं. एका गाडीला चार बोल्ट. मावशी आधी चारही बोल्ट हातानं तीन-तीन फेरे फिरवून अडकवायच्या. मग एकेक बोल्ट लांब पान्यानं आवळायच्या. पुरेसा आवळला गेला की पाना 'कट्ट' असा वाजायचा. त्यानंतर पाना खाली ठेवायचा, पिवळ्या रंगाच्या बाटलीतला बारका ब्रश उचलायचा, बोल्टवर एक टिपका द्यायचा आणि स्वतःशीच म्हणायचं, "झालं." मग ब्रश बाटलीत, पाना हातात आणि पुढचा बोल्ट. किती बोल्ट आवळले ते स्वतःच मोजणारा कॉम्प्युटरवाला पाना येणार, येणार म्हणत तीन वर्षं झाली होती.

तिसऱ्याच दिवशी मला ते सेकंद सापडले. पाना ठेव, ब्रश उचल, ब्रश ठेव, पाना उचल, यातच दर बोल्टला तीन सेकंद जात होते. चार त्रिक बारा! अहो, मग बोल्ट ट्रेमध्ये असतानाच सगळ्यांवर टिपके देऊन टाका ना. सकाळी एकदाच ट्रेच्या ट्रे रंगवून ठेवले की झालं. दिवसभर नुसतं आवळत सुटायचं.

मी हे मावशींना सांगितलं तेव्हा त्या पाना पुसत होत्या. त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. "आवळायच्या आधीच टिपका?"

"टिपका काय, तपासणीवाल्याला दिसला म्हणजे झालं."

"टिपका तपासणीवाल्यासाठी नसतो गं, घड्याळबाई. माझ्यासाठी असतो."

"तुम्हाला कळत नाही का, आवळलाय की नाही ते? एकोणीस वर्षं झाली!"

"घंटा झाली की मग नाही कळत," मावशी म्हणाल्या. त्यांना अजून काहीतरी सांगायचं होतं, पण पुढची गाडी येऊन ठेपली होती, आणि मलाही ऐकायचं नव्हतं. मला वाटलं, जुनी माणसं, नवीन काही सांगितलं की नाक मुरडणारच. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्याला शेळीचं काय ऐकू येणार!

सेकंदसाहेब मात्र माझा कागद बघून खुर्चीतून उठलेच. "शाबास! एकोणीस वर्षांत कुणाला सुचलं नाही हे." त्यांनी मला असं काही हरभऱ्याच्या झाडावर चढवलं की उतरायचा जिना मी बघितलाच नाही. सूचनेच्या फॉर्मवर माझं नाव आणि माझी सही. दुसऱ्या दिवशी माझा फोटो नोटीस बोर्डवर.

मावशींनी ती पद्धत काही केली नाही. ट्रेमध्ये बोल्ट पिवळे होऊन आले, तरी त्या आवळून झाल्यावर त्यावर पुन्हा टिपका द्यायच्या. आता अठ्ठ्याण्णवचे शंभर सेकंद झाले. दोन दिवस सेकंदसाहेबांनी समजावलं, तिसऱ्या दिवशी मावशींना उचलून दाराचं रबर बसवायच्या स्टेशनवर टाकलं. त्यांच्या जागी एक जाड भिंगांचा चष्मेवाला आला. बिचारा सांगितल्या कामाचा माणूस. मला वाईट वाटलं का? वाटलं, खोटं कशाला बोलू. पण चष्मेवाल्याच्या पहिल्याच गाडीला माझ्या घड्याळात शहाऐंशी सेकंद आले आणि ते वाईट वाटणं कुठल्या कुठे पळालं.

त्या दिवशी जेवताना मी घरी सगळं रंगवून सांगितलं. बाबांनी पाठ थोपटली. आई ताटातला घास तसाच ठेवून म्हणाली, "आमच्या वॉर्डात एक होती. कागदावर सगळ्या सह्या आधी करून ठेवायची आणि मग गोळ्या वाटत फिरायची. वेळ वाचतो म्हणायची."

"मग?"

"मग काय. एक दिवस मधेच कुणीतरी तिला हाक मारली."

"आई, माणूस वेगळा आणि बोल्ट वेगळा," मी म्हणाले आणि पाणी प्यायले. दीडशहाणी! आज ते वाक्य आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

आठ दिवस असेच हवेत गेले. चष्मेवाल्याच्या प्रत्येक गाडीचा नंबर, वेळ आणि सेकंद मी कागदावर उतरवून घेत होते. मोठ्या साहेबांपुढे पुरावा नको का! नववा दिवस उजाडला, म्हणजे सादरीकरणाच्या आदला दिवस.

त्या कारखान्यात एक पद्धत होती. कामगाराच्या घरातल्या कुणी गाडी घेतली, की ती लाइनच्या शेवटच्या जागी आली की त्या घरच्यांना आत बोलवायचे. कामगारानं मागच्या सीटवर बसायचं, ड्रायव्हरनं गाडी बाहेर काढायची आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवायच्या. त्या दिवशी मावशींच्या मुलीची गाडी होती. मुलगी आली होती, कडेवर तिची चार वर्षांची लेक, घरात तिला चिमणी म्हणायचे. मावशींनी युनिफॉर्मला कडक इस्त्री केली होती. मलाही त्यांनीच हात करून बोलावलं. "ये गं घड्याळबाई, तूही टाळ्या वाजव. पण वेळ लावू नकोस!" सगळे हसले, मीही हसले.

मावशी मागे बसल्या. चिमणीला शेजारी बसवून त्यांनी पट्टा लावला. फोटोसाठी मुलगी काचेतून वाकली. तेवढ्यात मावशींचा हात सवयीनं सीटच्या कडेला खाली गेला. तिथे बोल्टावर प्लास्टिकची टोपी असते. ती त्यांनी नखानं काढली आणि बोल्टाला दोन बोटं लावली.

बोल्ट फिरला.

पान्याशिवाय, दोन बोटांनी, बरणीचं झाकण फिरावं तसा. त्यावर टिपका होता, माझा टिपका, केव्हाचा वाळलेला, छान पिवळाजर्द. बाहेर टाळ्या चालूच होत्या.

"चिमणीला खाली घे," मावशी मुलीला हळूच म्हणाल्या. मग मोठ्यानं म्हणाल्या, "टाळ्या थांबवा!"

मी तिथेच होते, तीन हातांवर. कुणी मला ढकललं असतं तर मी आडवी झाले असते, अशी उभी होते.

सेकंदसाहेब पुढे झाले. "राहतो मावशी एखादा. आवळून घेऊ, त्यात काय! जा रे, पाना आण."

समोरच्या काचेवर गाडीचा कागद चिकटवलेला असतो, त्यावर प्रत्येक स्टेशनची वेळ असते. मावशींनी डोळे बारीक करून तो वाचला. "सकाळच्या चहाच्या घंटेची गाडी आहे ही," त्या म्हणाल्या आणि थेट माझ्याकडे पाहिलं. बाकी कुणालाच काही कळलं नाही. मला मात्र कळलं.

घंटा झाली की लाइन थांबते, जो जिथे असेल तिथे हातातलं टाकून चहाला जातो. चारपैकी दोनच बोल्ट आवळून झालेले असतात, बाकीचे दोन नुसते हातानं अडकवलेले. पंधरा मिनिटांनी माणूस परत येतो. कुठवर आलो होतो आपण? पूर्वी मावशी बघायच्या, टिपका असला की झालेला, टिपका नसला की राहिलेला. आता चष्मेवाला परत येऊन बघतो, तर चारही पिवळे! तो बिचारा पुढच्या गाडीकडे वळतो. पुढचं स्टेशन पिवळं बघून टोपी लावतं. तपासणीवाला पिवळं बघून पास करतो. 'घंटा झाली की मग नाही कळत' हे मावशींनी मला सांगितलं होतं. मराठीत सांगितलं होतं, तोंडावर सांगितलं होतं!

आणि मी काय केलं? काहीच नाही. पाना आला, 'कट्ट' झालं, टोपी बसली, फोटो झाला आणि गाडी गेली. मी तोंड शिवल्यासारखी उभी राहिले. सेकंदसाहेबांनी मला बाजूला घेतलं. "उद्या सादरीकरणात यातलं काही काढू नकोस. मी नंतर शांतपणे बघतो." मी मान हलवली. होय, हलवली. नोकरी पक्की, बाबांनी थोपटलेली पाठ, नोटीस बोर्डवरचा फोटो, सगळं त्या एका हलवण्यात होतं. लाज वाटते सांगायला, पण तसंच झालं.

हात धुवायच्या नळापाशी मावशी भेटल्या. बोटं साबणानं घासत होत्या.

"तुझ्या कागदावर घंटेच्या गाड्यांचे नंबर असतील ना?"

"आहेत."

"मग?"

"मावशी, मला शिव्या घाला हो," मी रडायलाच लागले.

"शिव्या घालायला वेळ कुठे आहे?" मावशी म्हणाल्या आणि खिशातलं फडकं माझ्यापुढे धरलं. "तोंड पूस आणि कागद काढ."

तिथेच ओट्यावर कागद पसरून आम्ही मोजलं. रोज चार घंटा: दोन चहाच्या, एक जेवणाची, एक सुट्टीची. आठ दिवसांच्या बत्तीस आणि आज सकाळची एक. तेहेतीस गाड्या. त्यातली चिमणीची आवळून झाली. राहिल्या बत्तीस.

मी तो कागद सेकंदसाहेबांच्या टेबलावर ठेवला आणि एका दमात सगळं सांगितलं. ते म्हणाले, "सूचना तुझी आहे, सही तुझी आहे, माहीत आहे ना?"

"माझीच आहे. म्हणून तर मी आलेय."

"उद्याचं सादरीकरण गेलं. नोकरीचंही विसरावं लागेल."

"विसरले," मी म्हणाले. आवाज इतका चढला की बाहेरचे दोघं आत डोकावले. "पण या बत्तीस गाड्या कुठे आहेत ते आधी सांगा!"

पहिल्यांदाच सेकंदसाहेबांनी पूर्ण एक मिनिट त्या कागदावर घालवलं. एकेका नंबरावरून बोट फिरवत गेले. मग त्यांनी फोन उचलला. माणूस वाईट नव्हता हो, त्याचंही घड्याळ माझ्यासारखंच पुढे धावत होतं.

सव्वीस गाड्या अजून मैदानातच उभ्या होत्या. चष्मेवाला, मावशी, मी आणि आणखी दोघं उन्हात टोप्या काढत सुटलो. सव्वीसपैकी नऊ गाड्यांत बोल्ट सैल! एकीत दोन्ही बाजूंचे. दर वेळी पिवळा टिपका माझ्याकडे बघायचा. चष्मेवाला सारखा म्हणत होता, "पण पिवळा होता ना हो, पिवळा होता." मला त्याच्या पाया पडावंसं वाटत होतं.

उरलेल्या सहा विकल्या गेल्या होत्या. ऑफिस म्हणालं, पत्र पाठवू, चार-पाच दिवसांत पोचेल. "चार-पाच दिवस?" मी ओरडले. "त्या सहा घरांत लहान मुलं नसतील कशावरून?" शेवटी सेकंदसाहेबांनीच सहा फोन नंबर आणून माझ्यापुढे ठेवले. मावशी शेजारी खुर्ची ओढून बसल्या, टोपी कशी काढायची हे समजावून सांगायला.

पहिल्या बाईंनी गाडी अजून दारातून हलवलीच नव्हती. बोल्ट घट्ट निघाले. दुसऱ्या घरी एका निवृत्त मास्तरांनी मला दहा मिनिटं झापलं, मग जाऊन बघितलं आणि गप्पच झाले. एक फिरत होता. त्यांच्याकडे लगेच मेकॅनिक धाडला. तिसरा घट्ट. पाचवा घट्ट. सहाव्याची गाडी गॅरेजच्या दारातच होती, तोही घट्ट. मी पेन खाली ठेवलं आणि खुर्चीत मागे रेलले.

"चौथा?" मावशींनी विचारलं.

"टिक आहे ना," मी म्हणाले.

"मी टिक नाही विचारली."

मी कागदाकडे पाहिलं. सहा नंबर, सहा टिका. चौथ्याची रिंग वाजून वाजून बंद झाली होती, कुणी उचललाच नव्हता. पण टिक होती. कारण मी नंबर लावता लावताच टिक करत होते. बोलणं व्हायच्या आधी! वेळ वाचावा म्हणून! इतकं सगळं होऊनसुद्धा, त्याच दिवशी, त्याच हातानं.

स्वतःची अशी भीती मला कधी वाटली नव्हती. मावशींनी पेन माझ्यापासून लांब सरकवलं आणि फोन माझ्यापुढे केला.

या वेळी एका माणसानं उचलला. आवाज खुशीतला, मागे गाणं आणि वाऱ्याचा घोंघाट. "अहो, गाडी चालवतोय, नंतर बोलू का? नवीन गाडी, पहिल्यांदाच लांब निघालोय."

"गाडी बाजूला घ्या," मी म्हणाले. "आत्ताच्या आत्ता घ्या. मागे कोण बसलंय?"

"मुलगा. का हो? तुम्ही कोण बोलताय?"

"कारखान्यातून बोलतेय. हळू करा आणि थांबवा. हात जोडते."

गाणं बंद झालं. घोंघाट थांबला. मावशींनी फोन स्पीकरवर टाकायला लावला आणि सावकाश सांगायला लागल्या, "मुलगा बसलाय त्याच बाजूला, सीटच्या कडेला खाली, काळी टोपी आहे बघा. नखानं काढा."

दार उघडल्याचा आवाज आला. "हं, निघाली टोपी. बोल्ट दिसतोय. त्यावर पिवळा टिपका आहे, चांगला ठळक." त्यानं सुटकेचा श्वास सोडला. "म्हणजे ठीक आहे ना सगळं?"

मावशी म्हणाल्या, "टिपक्याकडे बघू नका. बोटांनी फिरवून बघा."

पलीकडून मुलाचा आवाज आला, "बाबा, मी फिरवतो, माझी बोटं जातात तिथे." आणि तो मोठ्यानं मोजायला लागला, शाळेत मोजतात तसं, प्रत्येक फेऱ्याला एक.

"एक... दोन... तीन..." आणि मग हसून, "बाबा, हा तर हातातच आला!"